पडदा आणि डोळा : लेसर-प्रक्षेपणाच्या नियमनाचा इतिहास

प्रक्षेपकासंबंधीचे पहिले कायदे डोळ्यासाठी झाले नाहीत. ते आगीसाठी झाले. ४ मे १८९७ रोजी पॅरिस येथील एका धर्मादाय बाजारात चलच्चित्रे दाखविण्याची व्यवस्था केलेली होती. तेथील प्रक्षेपकाच्या ईथरच्या दिव्यापासून आग लागली आणि सव्वाशेहून अधिक माणसे दगावली. पुढे सेल्युलॉइडच्या ज्वालाग्राही फितीने अशा दुर्घटनांत भरच घातली. इंग्लंडमध्ये १९०९ साली सिनेमॅटोग्राफ कायदा झाला. प्रक्षेपक प्रेक्षकांपासून वेगळ्या, आगीला दाद न देणाऱ्या कोठडीत ठेवला पाहिजे, हे त्याच्या आधारे झालेल्या नियमांचे सार होते. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची चित्रे दाखविली गेल्यानंतर बावीस वर्षांनी, म्हणजे १९१८ साली, हिंदुस्थानातही तशा प्रकारचा कायदा आला. खेळ जेथे व्हावयाचा त्या जागेला परवाना असावा आणि उपस्थित प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची तजवीज झाली आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री व्हावी, हे तत्त्व त्यात होते. १९५२ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले.

या सर्व कायद्यांत डोळ्याचा विचार आढळत नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको. प्रक्षेपकाचा दिवा प्रखर होताच. कार्बनच्या कांड्यांमधील विद्युत्-प्रज्योत उघड्या डोळ्यांनी न्याहाळणे धोक्याचे आहे, हे यंत्र चालविणाऱ्यांना ठाऊक होते. परंतु प्रेक्षक त्या दिव्याकडे पाहतच नव्हता. कल्याणचे महादेवराव पटवर्धन १८९२ पासून शांबरिक खरोलिकेचे खेळ दाखवू लागले, तेव्हाही पाहावयाचे होते ते पडद्यावरचे चित्र, दिवा नव्हे. पडद्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो तो त्याचा एक क्षुद्र अंश. पडदा हे चित्र दाखविण्याचे साधन होते, आणि कोणी तसा हेतू धरला नसतानाही ते डोळ्याचे संरक्षक कवच झाले होते. लेसर प्रकाशाच्या प्रक्षेपणाचे गेल्या सहा दशकांतील नियमन पाहू गेल्यास, त्यातील बहुतेक पेच हा पडदा कोठे नाहीसा झाला आणि कोठे परत आला यावरून उलगडता येतात, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

तीव्र प्रकाशाने डोळ्यास इजा होते हे ज्ञान फार जुने आहे. ग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांचे डोळे जातात, म्हणून ते पाण्यातील प्रतिबिंबात पाहावे, असा उल्लेख प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन नेत्रवैद्य गेरहार्ड मायर-श्विकेराथ यांनी हीच इजा उपचार म्हणून वापरली. प्रथम सूर्यप्रकाश आणि नंतर झेनॉनचा दिवा यांच्या साहाय्याने त्यांनी दृष्टिपटलावर हेतुपुरस्सर लहानसे डाग पाडले आणि सुटू लागलेले पटल त्यायोगे जखडून ठेवले. त्यामुळे १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर-स्पंद मिळविला, तेव्हा नेत्रवैद्यकास हे नवे साधन सर्वस्वी अपरिचित नव्हते. १९६१ मध्ये मिल्टन झॅरेट व त्यांचे सहकारी यांनी या प्रकाशाने प्राण्यांच्या डोळ्यांत होणाऱ्या जखमांचा वृत्तांत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे चार्ल्स कॅम्बेल व चार्ल्स कोस्टर यांनी एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरील गाठ लेसरने नष्ट केली. जखम आणि उपचार ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये होत. प्रयोगशाळेतील अपघाताने माणसाचा पीतबिंदू जळाल्याची पहिली वैद्यकीय नोंद १९६५ ची आहे.

लेसर इतका घातक का, याचे उत्तर त्याच्या शक्तीत शोधणे ही सामान्य चूक होय. साध्या विजेच्या दिव्याची शक्ती साठ वॅट असू शकते आणि तो घरात निर्धास्तपणे लावला जातो. परंतु दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो आणि नेत्रभिंग त्याची एक विस्तृत प्रतिमा दृष्टिपटलावर पाडते. लेसरचे किरण जवळजवळ समांतर असल्यामुळे ते दूरच्या ताऱ्याप्रमाणे एका बिंदूत एकवटतात. अंधारात बाहुलीचा व्यास सुमारे ७ मिलिमीटर असतो आणि दृष्टिपटलावरील बिंदूचा व्यास सुमारे २० मायक्रोमीटर. म्हणजे स्वच्छमंडलावर पडणारी प्रकाशाची तीव्रता पटलापर्यंत पोहोचताना लाखपटीने वाढते. ४०० ते १४०० नॅनोमीटर या तरंगलांबीच्या टप्प्यात हे घडते, कारण या टप्प्यातील प्रारणाला डोळ्याचे माध्यम वाट देते. त्यापलीकडे धोक्याची जागा बदलते. बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार केला. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असल्याने त्याचे प्रारण स्वच्छमंडलातील पाण्यातच शोषले जाते. तो डोळ्याचा दर्शनी भाग भाजील, परंतु दृष्टिपटलापर्यंत जाणार नाही. शक्ती तीच, यंत्राचे नावही तेच, पण इजा निराळी. नियम करणाऱ्यांपुढील अडचणीचे स्वरूप येथेच दिसून येते.

ही अडचण प्रथम सोडविली ती आकडेमोडीने. सशांच्या व माकडांच्या डोळ्यांवरील प्रयोगांतून इजेचा उंबरठा शोधण्यात आला, त्याच्या बऱ्याच खाली अनुज्ञेय मर्यादा आखण्यात आली, आणि १९७३ मध्ये अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेचे लेसर-सुरक्षिततेचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. अमेरिकी सैन्यदलाच्या आरोग्य-संस्थेतील डेव्हिड स्लायनी यांचा या कामातील वाटा फार मोठा आहे. मायरन वोल्बार्श्ट यांच्यासह त्यांनी लिहिलेला १९८० चा ग्रंथ दीर्घकाळ या विषयाचा आधारग्रंथ राहिला.

या मानकांतील एका आकड्याचा उगम विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्यासारखा आहे. दृश्य लेसरच्या दुसऱ्या वर्गाची मर्यादा एक मिलिवॅट आहे. ती आली कोठून? प्रखर प्रकाश पडताच माणूस डोळे मिटतो किंवा मान वळवितो, आणि यास पाव सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही, असे गृहीत धरण्यात आले. पाव सेकंदासाठी अनुज्ञेय तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ मिलिवॅट येते. बाहुलीचे क्षेत्रफळ सुमारे ०.३८५ चौरस सेंटिमीटर. दोहोंचा गुणाकार एक मिलिवॅटच्या अगदी जवळ जातो. सर्व जगभर यंत्रांवर चिकटविल्या जाणाऱ्या एका चिठ्ठीचा पाया असा पापणीच्या एका हालचालीवर उभा आहे. आणि तो पाया वाटला तितका भक्कम नाही. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत कोलोन येथील हान्स-डिटर राइडेनबाख यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या चाचण्यांत लेसरचा प्रकाश पडल्यावर पापणी मिटणाऱ्यांचे प्रमाण एक पंचमांशाहूनही कमी भरले. मर्यादेत पुरेशी सूट राखलेली असल्याने एक मिलिवॅटचा आकडा त्यामुळे धोक्याचा ठरत नाही. परंतु ‘माणूस आपण होऊन डोळे मिटेल’ या भरवशावर त्याहून अधिक शक्तीचे खेळ उभे करणे किती अनाठायी आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

कायद्याची वाट मात्र लेसरच्या शास्त्रातून निघाली नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या रंगीत दूरचित्रवाणी संचांतून मर्यादेपेक्षा अधिक क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघडकीस आले. बैठकीच्या खोलीत, मुलांसमोर ठेवलेल्या पेटीतून क्ष-किरण येतात या कल्पनेने लोकमत खवळले, आणि १८ ऑक्टोबर १९६८ रोजी प्रारण-नियंत्रणाचा नवा कायदा मंजूर झाला. त्याची व्याप्ती विद्युत्-उपकरणांतून बाहेर पडणाऱ्या सर्व प्रकारच्या प्रारणांपर्यंत, ध्वनितरंगांपर्यंतसुद्धा, ठेवण्यात आली होती. म्हणून लेसरही त्यात आला. योगायोगाने लाभलेली ही व्यापक व्याख्या फार महत्त्वाची ठरली. त्या कायद्याखाली अन्न व औषध प्रशासनाने लेसर-उत्पादनांचे केलेले मानक २ ऑगस्ट १९७६ पासून अंमलात आले. उत्पादनाचे वर्ग, झाकण उघडताच किरण बंद करणारी व्यवस्था, किल्ली, इशारा देणारा दिवा ही सारी परिभाषा तेव्हापासूनची आहे. हे मानक उत्पादकाला बांधून घेते. यंत्र विकत घेऊन ते कोणाच्या दिशेने वळवावयाचे, हा प्रश्न त्याच्या कक्षेच्या कडेला राहिला.

तो प्रश्न रंगभूमीने उपस्थित केला. ९ मे १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील मिल्स महाविद्यालयात लोवेल क्रॉस, कार्सन जेफ्रीज व डेव्हिड ट्यूडर यांनी संगीताबरोबर हलणारी लेसर-चित्रे दाखविली; पुढील वर्षी ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. याच काळात एल्सा गार्मायर या भौतिकीतज्ज्ञ महिलेचे लेसर-चित्रण पाहून आयव्हन ड्रायर या चित्रपटकाराला एक कल्पना सुचली, आणि १९ नोव्हेंबर १९७३ रोजी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत ‘लेझेरियम’चा पहिला खेळ झाला. क्रिप्टॉनचा सुमारे एक वॅटचा लेसर, त्याचे लोलकाने वेगळे केलेले रंग, आणि ते फिरविणारे आरसे. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की चित्र वेधशाळेच्या घुमटावर पडत होते. पडदा होता, फक्त तो डोक्यावर होता.

सत्तरीच्या अखेरीस नृत्यगृहांतून धूर सोडण्यात येऊ लागला आणि घुमटाची गरज संपली. हवेतील धूलिकणांवर विखुरलेला किरण आता स्वतःच पाहण्याची वस्तू झाला. त्याहून पुढचे पाऊल म्हणजे तो किरण प्रेक्षकांवरूनच फिरविणे. प्रकाशाच्या पात्यात आपण सापडलो आहोत असा जो अनुभव त्यातून मिळतो, त्याची मोहिनी नाकारण्यात अर्थ नाही. पण या घडीला पडदा पूर्णपणे नाहीसा झाला, आणि पडद्याची जागा घेतली प्रेक्षकाच्या दृष्टिपटलाने.

अमेरिकी प्रशासनाने यावर घातलेला निर्बंध सरळ अंतराच्या भाषेत होता. प्रदर्शनाच्या लेसरला पाच मिलिवॅटची मर्यादा. त्याहून अधिक शक्ती हवी असल्यास प्रत्येक उत्पादकाने व खेळ करणाऱ्याने खास सूट मागावी, आणि सूट मिळाल्यास किरण प्रेक्षक उभे राहतील त्या भूमीपासून तीन मीटर उंच व बाजूने अडीच मीटर दूर ठेवावेत. म्हणजे पडदा नसेल तर त्याच्याऐवजी मोकळी हवा मध्ये ठेवावयाची. इंग्लंडने दुसरा मार्ग पत्करला. तेथील आरोग्य व सुरक्षा विभागाने १९८० मध्ये एक मार्गदर्शक टिपण आणि १९९६ मध्ये अधिक विस्तृत पुस्तिका काढली. प्रेक्षकांवर किरण फिरविण्यास त्यांत सरसकट बंदी नव्हती, परंतु डोळ्यावर पडणारी मात्रा अनुज्ञेय मर्यादेच्या आत आहे हे मोजून दाखविण्याची जबाबदारी खेळ करणाऱ्यावर होती. दोन्ही पद्धतींत आपापले शहाणपण आहे. अंतर कोणीही फितीने मोजू शकतो. मात्रा मोजण्यास उपकरण व जाणकार लागतो, आणि तो हजर नसेल तर इंग्लंडची पद्धत कागदावरच राहते.

मात्रेचा हिशेब किती कठोर आहे हे एका उदाहरणाने पाहू. पाच वॅटचा, एक मिलिरेडियन पसरणारा, स्थिर उभा किरण घेतला, तर पाव सेकंदाच्या मर्यादेपर्यंत तो सौम्य होण्यास सुमारे पाचशे मीटर अंतर लागते. उगमापाशी किरणाची जाडी चार मिलिमीटर धरल्यास, दहा मीटरवर त्याची तीव्रता त्याच मर्यादेच्या हजारपटीहून अधिक भरते. फिरत्या किरणाचे गणित वेगळे असते, कारण डोळ्यावरून तो सेकंदाच्या अल्पांशात निघून जातो आणि स्पंदांची मालिका म्हणून त्याचा विचार करावा लागतो. परंतु फिरविणारा आरसा अडकला, की फिरता किरण त्याच क्षणी स्थिर होतो. म्हणून आरसा थांबताच प्रकाश तोडणारी यंत्रणा असावी, ही अट अमेरिकी सूट-परवान्यांत आहे. स्वस्त यंत्रांत नेमकी हीच यंत्रणा गाळली जाते.

आकाशाची बाजू थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी लास व्हेगासहून उड्डाण केलेल्या विमानाचा सहवैमानिक जमिनीवरून आलेल्या लेसरने काही काळ दिपून गेला. त्यानंतर डिसेंबरात त्या शहराच्या परिसरातील उघड्यावरचे लेसर-खेळ थांबविण्यात आले. अधिक विचार करावयास लावणारी घटना त्याच महिन्यातली, १३ ऑक्टोबर १९९५ ची आहे. त्या दिवशी व्हिएन्ना येथे, शत्रूला कायमचे अंध करण्यासाठी बनविलेल्या लेसर-शस्त्रांना बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारण्यात आला. तो ३० जुलै १९९८ पासून अंमलात आला, आणि भारतानेही १९९९ मध्ये त्यास मान्यता दिली. युद्धभूमीवर सैनिकाच्या डोळ्याला लाभलेले संरक्षण उत्सवातील प्रेक्षकाच्या डोळ्याला तितक्या निःसंदिग्ध शब्दांत कोठेच लाभलेले नव्हते. जुलै २००८ मध्ये मॉस्कोपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, किर्झाच शहरालगत झालेल्या संगीत-मेळाव्यात ही तफावत उघडी पडली. पावसामुळे संयोजकांनी तंबू उभारले होते. एरवी आकाशात निघून गेले असते ते किरण तंबूच्या छताखाली लोकांवर पडले, आणि तत्कालीन वृत्तांनुसार तीसेक जणांच्या दृष्टीस गंभीर इजा झाली. तेथे शस्त्र नव्हते आणि कोणाचा वाईट हेतूही नव्हता.

इकडे, चित्रपटगृहाच्या कोठडीत, उलट दिशेचा प्रवास चालू होता. लेसर आता पडद्याकडे परत येत होता. शुजी नाकामुरा यांनी १९९६ च्या सुमारास निळा लेसर-डायोड सिद्ध केल्यानंतर प्रक्षेपकातील झेनॉनच्या दिव्याला पर्याय मिळाला. निळा किरण पिवळ्या फॉस्फरवर पाडून पांढरा प्रकाश मिळवावयाचा, किंवा तांबडा, हिरवा व निळा हे तीन लेसर स्वतंत्रपणे वापरावयाचे, अशा दोन रीती रूढ झाल्या. २०१० पासून पहिल्या रीतीचे लहान प्रक्षेपक वर्गांतून व कचेऱ्यांतून दिसू लागले. २०१४ च्या अखेरीस दुसऱ्या रीतीचे प्रक्षेपक भव्य पडद्याच्या चित्रपटगृहांत आले. यंत्राच्या पोटात अनेक वॅटचा लेसर होता. कायद्याच्या भाषेत पेटी उघडल्यास तो सर्वांत धोक्याच्या चौथ्या वर्गात मोडणारा. तेव्हा प्रत्येक चित्रपटगृहाने लेसर-खेळासारखा सूट-परवाना मागावा काय?

उत्पादकांचे म्हणणे असे की विसारक काचेतून व भिंगांतून बाहेर पडताना हा प्रकाश लेसरचा राहत नाही. तो एका विस्तृत उगमाचा, म्हणजे दिव्यासारखा होतो. या युक्तिवादात व्यापाऱ्याचा स्वार्थ होता, परंतु भौतिकीही होती. उगमाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून दर घनकोनात किती शक्ती बाहेर पडते, या राशीवर दृष्टिपटलावरील प्रतिमेची तीव्रता ठरते, आणि कोणतेही भिंग ती राशी वाढवू शकत नाही. प्रकाश लेसरमधून जन्मला की तापलेल्या वायूमधून, याची डोळ्याला खबर नसते. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने लेसरचे मानक प्रथम १९८४ मध्ये काढले होते. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत हा विचार मान्य झाला, आणि ठरावीक मर्यादेखालील अशा साधनांच्या प्रकाशाचे मूल्यमापन दिव्यांच्या मानकानुसार करण्यास मोकळीक मिळाली. अमेरिकी प्रशासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शन दिले, आणि त्याच वर्षी चित्र-प्रक्षेपकांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. त्यातील सर्वांत प्रखर गटाचे प्रक्षेपक केवळ व्यावसायिक वापरासाठी असून, भिंगासमोरील धोक्याच्या अंतरात प्रेक्षक येऊ नये अशी योजना करावी लागते. १९०९ सालच्या कोठडीचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही.

या निर्णयास ‘लेसर-उद्योगाला दिलेली सवलत’ असे म्हणण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. मला ती योग्य वाटत नाही. नाव सोडून राशी मोजणे हे या नियमनातील बहुधा सर्वांत शहाणे पाऊल होते. निळ्या प्रकाशाच्या बाबतीत तर ते आवश्यकच होते. विल्यम हॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले होते की लघु तरंगलांबीचा प्रकाश पटल न तापविताही, रासायनिक क्रियेने, दीर्घकाळात इजा करतो. ही इजा दिव्यालाही लागू आहे व लेसरलाही. दिव्यांच्या मानकात तिची मोजणी होतीच.

मात्र या प्रगतीची एक अनपेक्षित संतती आहे. प्रक्षेपकांसाठी निळे डायोड मोठ्या संख्येने बनू लागताच ते स्वस्त झाले. २०१० च्या सुमारासच प्रक्षेपक फोडून त्यांतील डायोड काढण्याचा आणि त्यांपासून एक वॅटच्या घरात जाणारे हातातील लेसर बनविण्याचा उद्योग सुरू झाला. १९७३ मध्ये एका वॅटसाठी वेधशाळेत अवजड यंत्र बसवावे लागले होते. ती शक्ती आता खिशात मावू लागली, आणि अनेक वॅटचे रंगीत लेसर काही किलो वजनाच्या पेटीत बसून भाड्याने मिळू लागले. पडद्यामागे सुरक्षित झालेला उगम पडद्याविना रस्त्यावर आला तो असा.

आपल्याकडचा रस्ता म्हणजे मिरवणुकीचा रस्ता. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिक, पुणे, कोल्हापूर येथील नेत्रतज्ज्ञांकडे तरुण रुग्ण आले. त्यांच्या दृष्टिपटलावर रक्तस्राव व भाजल्याच्या खुणा आढळल्या, आणि लेसरकडे पाहिल्याचा पूर्वेतिहास त्यांनी सांगितला. २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी व कोल्हापूरच्या जिल्हा प्रशासनाने लेसर दिव्यांना मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिरवणुकांतील लेसर व ध्वनिवर्धक यांविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा अशा वापराचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा नाही ही उणीव चव्हाट्यावर आली.

ही उणीव केवळ दुर्लक्षाची आहे असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. अमेरिकेत प्रारणाचा कायदा दूरचित्रवाणीच्या पेटीतून आला, म्हणून त्याने प्रकाश, सूक्ष्मतरंग, ध्वनी सारे पोटात घेतले. भारतात प्रारणाचा कायदा अणुऊर्जेच्या मार्गाने आला. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या छत्राखाली १९८३ मध्ये नियामक मंडळ स्थापन झाले, आणि त्याचा विषय आयनीकारक प्रारण हा राहिला. प्रकाश आयनीकारक नाही. म्हणून तो कोणाचाच विषय झाला नाही. लेसर-उत्पादनांचे भारतीय मानक आहे, ते आंतरराष्ट्रीय मानकाशी मिळतेजुळतेही आहे. परंतु मानक यंत्राविषयी बोलते, आणि बोलते ते यंत्र बनविणाऱ्याशी. चित्रपटगृहांचे कायदे जागेविषयी बोलतात. मिरवणूक ही जागा नव्हे, ती चालते. तिच्यातील लेसर चित्र दाखवीत नाही, म्हणून तो सिनेमॅटोग्राफही नव्हे. उरतो तो मनाई हुकूम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील असा हुकूम सामान्यतः दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. गणपतीसाठी काढलेला हुकूम लग्नाच्या वरातीच्या हंगामापर्यंत टिकत नाही.

वापरणाऱ्यास बांधून घेणारा कायदा अशक्य नाही. स्वित्झर्लंडमध्ये १ जून २०१९ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार सर्वांत निरुपद्रवी वर्ग वगळता हातातील लेसर-निर्देशकांना बंदी आहे. लेसरचे खेळ करणाऱ्याने आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि प्रेक्षकांच्या दिशेने किरण जात असतील तर खेळाची जबाबदारी प्रशिक्षित व प्रमाणपत्रधारक व्यक्तीवर असते. लहान, शिस्तप्रिय देशाचे उदाहरण आपल्या मिरवणुकांना कसे लागू पडावे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातील मूळ कल्पना परकी नाही. १९१८ च्या कायद्यानेही यंत्राला नव्हे, खेळ करणाऱ्याला उत्तरदायी धरले होते.

तूर्त एक साधी अडचण अभ्यासकांपुढे आहे. नेत्रवैद्य जखमेची नोंद करतो : कोणता डोळा, पीतबिंदूपासून किती अंतरावर, दृष्टी किती उरली. त्या नोंदीत लेसरची शक्ती नसते, तरंगलांबी नसते, अंतर नसते, आरसा फिरत होता की अडकला होता हेही नसते. कारण रुग्णाला ते ठाऊक नसते. जखम दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येते. लेसरची पेटी तोवर दुसऱ्या गावच्या सुपारीवर गेलेली असते.